वाचणारा आणि वाचलेला

मराठीत 'वाचणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. पुस्तक वाचणे आणि जीव वाचणे. हिंदी-उर्दूत हे दोन शब्द वेगळे राहिले. तिकडे चिठ्ठी बाँचतात आणि जान बचते. मराठीत दोन्ही एकाच रूपात येऊन मिळाले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे नाते नसेल, पण बोलण्यात ते इतके शेजारी नांदतात की 'त्याने वाचले' आणि 'तो वाचला' यांत जेमतेमच अंतर उरते.

सर्व्हान्तेसची 'दोन किहोते' ही कादंबरी या वेळी वाचताना मी एकच काम केले. हे क्रियापद जिथे येते तिथे समासात पेन्सिलीची खूण करत गेलो. स्पॅनिशमध्ये शब्द आहे 'लेएर'. हाताशी इंग्रजी अनुवाद, शेजारी मूळ मजकूर आणि शब्दकोश, असा हा उद्योग. आपल्याकडे ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचे असे त्याला शिलेदार म्हणत. किहोते त्या अर्थाने शिलेदारच. मरतुकडा का होईना, घोडा स्वतःचा. शिलेदारी कथेत लढणे, स्वार होणे, शपथ घेणे ही क्रियापदे ठरलेली असतात. तीही या कादंबरीत आहेत. पण तिची चाके फिरतात ती 'वाचणे' या साध्या, घरगुती क्रियापदावर.

सुरुवातीला वाचणे हा आजार आहे. ला मान्चा प्रांतातला पन्नाशीला टेकलेला, बेताच्या ऐपतीचा एक खानदानी गृहस्थ शेतजमीन विकून शिलेदारी ग्रंथ विकत घेतो. रात्र-रात्र आणि दिवस-दिवस वाचतो. झोप कमी, वाचन जास्त. त्याने मेंदू सुकतो आणि भान सुटते. आपल्याला इथे लगेच रामदासांचा शब्द आठवतो, पढतमूर्ख. 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात त्याच्या लक्षणांचा अख्खा समास आहे. पण थोडे थांबून पाहिले की फरक दिसतो. रामदासांचा पढतमूर्ख पुष्कळ जाणतो आणि वागतो मात्र वेगळेच. किहोतेचे दुखणे उलटे आहे. तो जे वाचतो तसेच तंतोतंत वागतो. पुस्तकात लिहिले आहे की दुबळ्यांचे रक्षण करावे, म्हणून तो खरोखरच घोड्यावर बसून निघतो. गाव त्याला वेडा ठरवते ते यासाठी.

मग गाव उपाय करते. पाद्री आणि न्हावी त्याच्या खोलीत शिरतात, शंभराहून अधिक जाडजूड ग्रंथ एकेक करून तपासतात आणि बहुतेक अंगणात फेकून देतात. रात्री घर सांभाळणारी बाई ते जाळून टाकते. या प्रकरणातली गंमत अशी की, पाद्रीला हे सगळे ग्रंथ माहीत आहेत. कोणता उत्तम, कोणता टाकाऊ, कोणाचा अनुवाद बिघडला, सगळे तो सांगू शकतो. म्हणजे त्यानेही ते वाचलेले आहेत. त्याच्या वाचण्याने त्याला काही झाले नाही. शेजाऱ्याच्या वाचण्याची मात्र भीती वाटते. 'मी वाचले तर ज्ञान, तू वाचलेस तर धोका' हा न्याय त्या अंगणापुरता नव्हता. सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कार्डिनल सिस्नेरोसने ग्रानादाच्या बिब-रांब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी केली होती. वैद्यकाचे ग्रंथ तेवढे बाजूला काढून त्याने स्थापलेल्या आल्काला इथल्या विद्यापीठाकडे पाठवले गेले. त्याच आल्काला गावात १५४७ साली सर्व्हान्तेस जन्मला. कादंबरीत त्या होळीचा उल्लेख नाही. पण किहोतेच्या अंगणातला धूर पाहताना त्या काळच्या स्पेनमधल्या वाचकाला दुसरा कुठलाच धूर आठवला नसेल, असे मला वाटत नाही.

पुस्तकांनी भरलेल्या या कादंबरीत न वाचता येणारी माणसेही पुष्कळ आहेत. सांचो पान्सा धन्याला सरळ सांगतो की आपल्याला लिहिता-वाचता येत नाही. जिच्यासाठी एवढी शिलेदारी चालली आहे त्या दुल्सिनेयालाही अक्षरओळख नाही, हे किहोतेला ठाऊक आहे. तरी तो तिला पत्र लिहितो. सांचो ते पत्र न्यायलाच विसरतो, मग पाठ आहे म्हणून घोकून दाखवतो आणि प्रत्येक शब्दाची वाट लावतो. पुढे एका खानावळीचा मालक सांगतो की सुगीच्या दिवसांत, सुट्टीच्या दिवशी कापणीवाले त्याच्याकडे जमतात. त्यांच्यात एखाद्याला वाचता येत असते. तो पुस्तक उघडतो आणि तीसहून अधिक माणसे त्याच्याभोवती बसून ऐकतात. मालकाला त्यातल्या हाणामाऱ्या आवडतात. त्याच्या बायकोला तेवढा वेळ नवऱ्याची कटकट थांबते, याचा आनंद आहे.

हे दृश्य आपल्याला परके नाही. पारावर किंवा देवळात पोथी लागायची तेव्हा वाचणारा एक असे आणि ऐकणारे गावभर. मुसलमान मोहल्ल्यात मौलूद किंवा जंगनामा वाचला जाई तेव्हाही तेच. बायका पडद्याआड बसून ऐकत आणि कर्बलाच्या पाण्याचा प्रसंग आला की आतून हुंदके येत. त्यातल्या कुणीही आयुष्यात पुस्तक हातात धरले नसेल, पण 'आम्ही ऐकलंय' म्हणताना त्यांचा स्वर वाचणाऱ्याचाच असे. सर्व्हान्तेसलाही ही जाण होती. दुसऱ्या भागातल्या एका प्रकरणाच्या मथळ्यातच तो वाचणाऱ्यासोबत वाचून घेऊन ऐकणाऱ्याचीही नोंद घेतो. आणि आपल्या परंपरेत तर पहिल्या वहीचा पहिला शब्दच 'इक़रा' आहे. अरबीत त्याचा अर्थ वाच असाही होतो आणि म्हण, पठण कर असाही. तो आदेश झाला तो ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते अशा प्रेषितांना. त्यामुळे 'वाचणे' म्हणजे केवळ अक्षरे ओळखणे नव्हे, हे मुसलमान वाचकाला वेगळे समजवावे लागत नाही.

आता ज्या प्रकरणासाठी हा लेख लिहितो आहे तिथे येऊ. आठव्या प्रकरणाच्या शेवटी किहोते आणि एक बास्क इसम तलवारी उगारून समोरासमोर उभे आहेत आणि गोष्ट तिथेच तुटते. निवेदक म्हणतो, पुढचा मजकूर मिळाला नाही. नवव्या प्रकरणात तो तोलेदोच्या आल्काना बाजारात फिरत असताना एक पोरगा जुन्या वह्या आणि कागद रेशमाच्या व्यापाऱ्याला विकायला आणतो. आपल्या भाषेत रद्दी. निवेदकाला रस्त्यावर पडलेले कागदाचे चिटोरेही वाचायची सवय आहे. तो एक वही उचलतो. अक्षरे अरबी आहेत, हे त्याला कळते. वाचता येत नाही. मग तो इकडेतिकडे पाहतो, वाचून दाखवणारा एखादा मोरिस्को भेटतो का म्हणून. मोरिस्को म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांचे वंशज. असा माणूस सापडायला फार वेळ लागत नाही.

तो मोरिस्को वही मधेच उघडतो, थोडे वाचतो आणि हसू लागतो. काय झाले विचारल्यावर सांगतो, समासात एक टीप आहे: ही जी दुल्सिनेया आहे, तिच्याइतके उत्तम डुकराचे मांस खारवणारी बाई अख्ख्या ला मान्चात नाही. नाव ऐकून निवेदक चमकतो. हरवलेली गोष्ट हीच! सीदे हामेते बेनेन्हेली नावाच्या अरब इतिहासकाराने लिहिलेली. सीदे म्हणजे आपला 'सय्यदी'. तो अर्ध्या रेआलला सगळे कागद विकत घेतो, मोरिस्कोला चर्चच्या ओवरीत नेतो आणि अनुवाद करायला सांगतो. मजुरी ठरते दोन आरोबा मनुका, म्हणजे सुमारे २३ किलो, आणि दोन फानेगा गहू. निवेदक त्याला आपल्याच घरी ठेवून घेतो आणि दीड महिन्याहून थोड्या अधिक दिवसांत काम पुरे होते.

आपण आज जी 'दोन किहोते' वाचतो तिचा नवव्या प्रकरणापासूनचा मजकूर, कादंबरीच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, हा अनुवाद आहे. लेखक अरब, वाचणारा मोरिस्को. ही सगळी थट्टा आहे, हे मला कळते. शिलेदारी ग्रंथांचे लेखक आपली कथा कुठल्याशा परक्या, प्राचीन भाषेतून आणल्याची बतावणी करत; सर्व्हान्तेस त्यांची टर उडवतो आहे. पण थट्टेसाठी त्याने निवडलेली लिपी साधी नव्हती.

१५६७ साली दुसऱ्या फेलिपेच्या फर्मानाने ग्रानादाच्या मोरिस्कोंवर अरबी बोलण्याची, लिहिण्याची आणि वाचण्याचीही बंदी आली. तीन वर्षांत कास्तिलियन शिका, असा हुकूम निघाला. त्यातून आल्पुहारासच्या डोंगरात उठाव झाला. तो चिरडल्यावर ग्रानादाच्या मोरिस्कोंना उठवून कास्तियाभर विखुरले. तोलेदोच्या बाजारात अरबी वाचू शकणारा माणूस चटकन सापडतो, त्यामागे बहुधा हीच पांगापांग आहे. त्या माणसाने भर बाजारात अरबी वही उघडणे ही जोखीम होती. आणि त्याचे ते हसू! डुकराचे मांस खाणे ही तेव्हा खरा ख्रिस्ती असल्याची खूण मानली जाई. न खाणाऱ्याकडे शेजारी बघत, कधी कधी वर कळवत. अशा माणसाला बंदी असलेल्या लिपीत पहिले काय वाचायला मिळाले, तर शिलेदाराच्या स्वप्नसुंदरीचा डुकराच्या मांसातला हातखंडा. तो हसला नसता तरच नवल.

सर्व्हान्तेसला हे जग ऐकून माहीत नव्हते. १५७५ ते १५८० अशी पाच वर्षे तो अल्जीअर्समध्ये कैदी होता. कादंबरीतल्या कैद्याच्या गोष्टीतही हेच क्रियापद अडते. सोराइदा ही मूर मुलगी खिडकीतून बोरूच्या काठीला बांधून चिठ्ठी सोडते. चिठ्ठी अरबीत, आणि कैद्यांपैकी कुणालाच ती वाचता येत नाही. शेवटी मुर्सियाच्या एका धर्मांतरित माणसावर विश्वास टाकावा लागतो. तो वाचतो, म्हणून कैदी वाचतात. मराठीत हे वाक्य लिहिताना काही करावे लागत नाही, ते आपोआप तसे होते.

घरातली गोष्ट सांगतो. आमच्याकडे कुरआन 'पढायचा' आणि पेपर 'वाचायचा'. दादी रोज फजरनंतर कुरआन पढायची. एकही अक्षर चुकायचे नाही आणि एकाही वाक्याचा अर्थ तिला माहीत नव्हता. मराठी ती फर्डे बोलायची, पण मराठी पाटी तिला वाचता यायची नाही. निवेदकाला लिपी ओळखू येते पण वाचता येत नाही, सांचोला समजते पण वाचता येत नाही, दादीला वाचता यायचे पण समजायचे नाही. आणि पत्र्याच्या ट्रंकेत, जमिनीच्या जुन्या कागदांत, मोडीतला एक कागद होता. तो घरात कुणालाच वाचता येत नव्हता. वडील तो घेऊन मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे गेले. गुरुजींनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली आणि मधेच हसले. त्यात आमच्या पणजोबांनी शेजाऱ्याशी बांधावरच्या आंब्यावरून केलेल्या भांडणाची नोंद होती. तो शेजारी गुरुजींच्या जातीचा. आपली गोष्ट दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते आणि दुसऱ्याची आपल्याकडे पडून असते, हे महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांचे वास्तव आहे.

न वाचता येणारी लिपी दिसली की माणसे दोन प्रकारे वागतात. काही जण वाचणारा शोधतात, काही जण पाटी उतरवायला सांगतात. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू होती, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने तो आक्षेप फेटाळला. तोलेदोचा निवेदक पहिल्या प्रकारचा होता. त्याला अरबी अक्षरे दिसली तेव्हा त्याच्या मनात संशय आला नाही, उत्सुकता आली. चारशे वर्षांपूर्वीच्या, चौकशीअधिकाऱ्यांच्या स्पेनमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

पहिला भाग १६०५ मध्ये आला, दुसरा १६१५ मध्ये. दुसऱ्या भागात क्रियापदाची दिशा बदलते. आता किहोते वाचत नाही, त्याला लोक वाचतात. भेटणाऱ्या पुष्कळ जणांनी पहिला भाग वाचलेला आहे. सरदार आणि त्याची बायको त्याला वाड्यावर ठेवून घेतात ती पाहुणचारासाठी नव्हे. पुस्तकात वाचलेला वेडा प्रत्यक्ष नाचवून पाहण्यासाठी. त्यातच १६१४ साली आवेयानेदा या टोपणनावाने कुणीतरी खोटा दुसरा भाग छापला. सर्व्हान्तेसने तो सरळ कादंबरीत ओढला. एका खानावळीत पातळ भिंतीपलीकडे दोन गृहस्थ ते पुस्तक वाचताहेत आणि अलीकडे किहोते स्वतःची खोटी हकिगत ऐकतो आहे. आपण त्या पुस्तकातले नाही हे सिद्ध करायला तो ठरलेला सारागोसाचा रस्ता सोडून बार्सेलोनाला जातो. शेवटी तर खोट्या पुस्तकातल्या एका पात्राकडून गावच्या अधिकाऱ्यासमोर लेखी जबाब घेतो, की खरा किहोते हाच.

हे प्रसंग विनोदी आहेत आणि मी हसलोही. पण भाड्याने घर शोधताना फोनवर नाव सांगितल्यानंतर जी शांतता पसरते, ती ज्याने ऐकली आहे त्याला ही पातळ भिंत ओळखीची वाटेल. समोरच्याने तुम्हाला आधीच कुठल्या तरी पुस्तकात, कुठल्या तरी मोबाइलवरच्या मजकुरात वाचलेले असते. तुम्ही काय बोलता यापेक्षा तुम्ही त्या मजकुरासारखे आहात की नाही, एवढेच तपासायचे असते. मग आपणही किहोतेसारखे सारागोसाचे रस्ते टाळू लागतो आणि आपण 'ते' नाही याचे दाखले गोळा करू लागतो.

दोन भागांच्या मधल्या दहा वर्षांत आणखी एक गोष्ट घडली होती. १६०९ ते १६१४ या काळात स्पेनने मोरिस्कोंना देशाबाहेर काढले. सुमारे तीन लाख माणसे. दुसऱ्या भागात सांचोला त्याचा जुना शेजारी, दुकानदार रिकोते भेटतो तो जर्मन यात्रेकरूच्या वेषात. गाडलेले धन न्यायला लपून परत आलेला. दोघे झाडाखाली बसून खातात-पितात. रिकोते राजाच्या हुकमाचे समर्थनही करतो आणि मायदेशासाठी रडतोही, एकाच दमात. ज्याला भिंतीला कान आहेत हे माहीत असते तो असाच बोलतो. सांचो त्याच्या धनाला हात लावत नाही आणि त्याचे नाव कुणाला सांगतही नाही. अक्षरशत्रू सांचो शेजाऱ्याला मात्र नीट वाचतो.

पण मी शोधत होतो तोलेदोच्या त्या मोरिस्कोला. त्याला कादंबरीत नावच नाही. मनुका आणि गहू घेऊन तो निघून गेला. पुढे 'अनुवादक म्हणतो' असा त्याचा उल्लेख अधूनमधून येतो, एवढेच. सर्व्हान्तेसने त्याला १६०५ मध्ये छापले. चार वर्षांनी त्याच्यासारख्या सगळ्यांना बाहेर काढण्याचे हुकूम निघू लागले. त्याच्या वाचण्यामुळे रेशीमवाल्याच्या दुकानात फाटणारी वही वाचली. तो स्वतः वाचला नाही.

१८८४ साली आरागोनमधल्या आल्मोनासिद दे ला सिएर्रा या गावात एक जुने घर पाडताना खोट्या लाकडी तळाखाली हस्तलिखितांचा साठा सापडला. मोरिस्कोंनी जाण्यापूर्वी दडवलेला. त्यातल्या पुष्कळ हस्तलिखितांत लिपी अरबी आणि भाषा त्यांच्या गावची स्पॅनिश. काही पाने पोरांनी जाळली, उरलेली विद्वानांच्या हाती लागली. जवळजवळ पावणेतीनशे वर्षे ती वाचणाऱ्याची वाट पाहत पडून होती.

कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात किहोते अंथरुणावर आहे. भान परत आले आहे. त्याची खंत काय, तर शहाणपण फार उशिरा आले. आत्म्याला उजेड देणारी दुसरी पुस्तके वाचायला आता वेळ उरला नाही. ज्या क्रियापदाने त्याला घराबाहेर काढले तेच शेवटपर्यंत त्याच्या तोंडी आहे. मृत्युपत्रात मात्र तो भाचीला अट घालतो: ज्याला शिलेदारी ग्रंथ म्हणजे काय हेही माहीत नाही, अशाच माणसाशी लग्न करायचे, नाहीतर वारसा नाही. जिवंतपणी पाद्रीने पुस्तके जाळली, मरताना त्याने स्वतःच दार लावून घेतले.

इथेच माझी शेवटची खूण आहे. पेन्सिलीच्या सगळ्या खुणा परत पाहिल्या तेव्हा सगळ्यात दाट गर्दी नवव्या प्रकरणात दिसली. कारण साधे आहे. तलवारी उगारलेल्याच राहिल्या असत्या, बाकीची सगळी गोष्ट रद्दीत गेली असती, जर बाजारात उभ्या असलेल्या एका बिननावाच्या माणसाने परक्याच्या हातातली वही घेऊन, आजूबाजूला कोण बघते आहे याची पर्वा न करता, वाचायला सुरुवात केली नसती.